मागे काय येतंय?

रविवारी सकाळी आठ वाजता सारसबागेत मी उजव्या हाताची मूठ डोळ्यांसमोर धरून स्वतःभोवती हळूहळू फिरत होते. दोन फेऱ्या झाल्यावर बाकावर बसलेल्या एका आजोबांनी पेपर खाली केला आणि विचारलं, "काही हरवलंय का?"

"नाही, उजेड बघतेय."

त्यांनी एकदा आकाशाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि पेपर पुन्हा वर केला.

मुठीची ही युक्ती फोटोवाल्यांत जुनी आहे. वर आलेली पेरं म्हणजे कपाळ नि नाक, मधल्या खाचा म्हणजे डोळे. फिरता फिरता एका दिशेला खाचा काळ्याठिक्कर पडतात, एका दिशेला मूठ पिठात बुडवल्यासारखी सपाट दिसते, आणि मधेच कुठेतरी खाचांतही उजेड उतरतो, पण पेरांचा उठाव शाबूत राहतो. ती दिशा मिळाली की माणसांची तोंडं तिकडे करायची. पाठीमागे काय येतंय हे त्यानंतर बघायचं. हा क्रम मला कळायला बारा वर्षं लागली. आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तो महिनाभरात कुणालाही पटला नाही.

निमित्त होतं सासूबाईंच्या सहस्रचंद्रदर्शनाचं. एका पौर्णिमेपासून दुसरीपर्यंत सरासरी २९.५३ दिवस, म्हणजे हजार पौर्णिमांना साधारण ८० वर्षं नि १० महिने लागतात. आम्ही ८१वं लागल्यावर डिसेंबरमधला दिवस धरला. त्यात चंद्रापेक्षा नणंदेच्या मुलाच्या सुट्टीचा हात जास्त होता. सकाळी शांत, मग औक्षण, मग जेवणं, आणि या सगळ्यात कुठेतरी "एक चांगला फॅमिली फोटो". माणसं एकवीस. मी पोटापाण्यासाठी लोकांचे जीएसटीचे हिशेब करते आणि सुट्टीच्या दिवशी फोटो काढते. घरच्यांसाठी दोन्ही फुकट.

तर जागा. थोरल्या दिरांना शनिवारवाडा हवा होता, "भव्य वाटतं." नणंदेला पाताळेश्वर. पुतणीला वेताळ टेकडी, आणि तीही सूर्यास्ताला. जाऊबाईंना सारसबाग, कारण तिथे त्यांचा लग्नानंतरचा पहिला फोटो निघाला होता. माझ्या नवऱ्याचं मत असं की हॉलमध्ये काढा, सोफा नवीन आहे.

शनिवारवाड्यावर पुतण्याने लगेच लिहिलं, "बाबा, कुटुंबाच्या फोटोला शनिवारवाडा? १७७३ साली तिथे काका-पुतण्यांचं काय झालं ते आठवा." त्याला नवऱ्याने, म्हणजे त्याच्या काकाने, अंगठा दिला. पण उजेडाच्या दृष्टीने दिरांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नव्हतं. दिल्ली दरवाजाचं तोंड उत्तरेला. डिसेंबरात पुण्यातला सूर्य ऐन माध्यान्हीलाही दक्षिणेकडेच, जेमतेम ४८ अंशांवर असतो. म्हणजे दरवाजाचा दर्शनी भाग दिवसभर सावलीत, आणि त्याच्याकडे पाठ करून उभ्या राहिलेल्या माणसांवर समोरच्या मोकळ्या आभाळाचा सारखा, मऊ उजेड. पोर्ट्रेटला याहून बरं काय हवं? अडचण वेगळीच. दरवाजा एवढा प्रचंड की तो पुरा घ्यायला गेलं तर आपली माणसं पायरीवर काढून ठेवलेल्या चपलांएवढी होतात. आणि माणसं मोठी घ्यायची तर मागे नुसतं लाकूड नि खिळे उरतात, तो शनिवारवाडा आहे हे खाली लिहून सांगावं लागतं. शिवाय सुट्टीच्या दिवशी त्या दरवाजातून गोळा खात बाहेर पडणारी माणसं थांबवण्याचा अधिकार पेशव्यांनंतर कुणाकडे राहिलेला नाही.

उत्तरेचा विषय निघालाच आहे म्हणून सांगते. विजेचे दिवे येण्याआधी फोटोच्या स्टुडिओला छताला किंवा भिंतीला मोठी काच असे, आणि ती शक्यतो उत्तरेकडे ठेवत, कारण तिकडून थेट ऊन येत नाही. परदेशी पुस्तकांत हा नियम ब्रह्मवाक्यासारखा दिलेला असतो. पुण्यात तो वर्षभर चालत नाही. आपण १८.५ अक्षांशावर. मेच्या मध्याला सूर्य बरोबर डोक्यावर येतो, शून्य सावलीचा दिवस म्हणून पोरं बाटल्या उभ्या करून बघतात ना, तोच. तिथून जुलै संपेपर्यंत तो दुपारी आपल्या उत्तरेला असतो. या अडीच महिन्यांत उत्तरेच्या भिंतीवर भरदुपारी ऊन येतं आणि पुस्तक वाचून आलेला माणूस तोंडात बोट घालतो. मी घातलेलं आहे.

सारसबाग मी त्या सकाळीच बाद केली. हिरवळीवर माणसं बसवली की ऊन गवतावर आपटून वर येतं आणि येताना हिरवा रंग घेऊन येतं. हनुवटीखाली, नाकाखाली, पांढऱ्या झब्ब्याच्या आतल्या बाजूला एक आजारी झाक पसरते. डोळ्यांना ती प्रत्यक्षात जाणवत नाही, कारण मेंदू ती वजा करतो. कॅमेरा करत नाही. भिंतीचंही तसंच. हल्ली नव्या इमारतींना जो कडक पिवळा देतात, त्याच्या शेजारी तीन फुटांवर माणूस उभा केला की त्याला कावीळ झालेली दिसते. म्हणून करड्या, मातकट, फिक्या रंगांच्या जागा शोधायच्या. बघायला कंटाळवाण्या असतात, पण माणसांच्या अंगाला काही लावत नाहीत.

टेकडीबद्दल फार लिहीत नाही. ८१ वर्षांच्या बाईला वर न्यायचं कसं, हा प्रश्न पुतणीला विचारल्यावर तिने "आजी खाली थांबेल" असं लिहिलं आणि मग स्वतःच पुसलं.

पाताळेश्वराला मात्र मी दोनदा गेले. नणंदेच्या डोळ्यांसमोर काय होतं ते मला दिसत होतं. काळा दगड, त्यापुढे जरीच्या साड्या, भारदस्त खांब. आठव्या शतकातली, एका अखंड खडकात खोदलेली ही लेणी जंगली महाराज रस्त्याच्या गोंगाटापासून चार पावलांवर, पण जरा खाली आहेत. आत उतरलं की कान मोकळे होतात. गोल छताचा नंदीमंडप उघड्यावर आहे, त्याच्यावर आभाळाचा उजेड थेट पडतो. मागच्या खांबांमधे मात्र अंधार दाटलेला. पण हा काळा दगड, म्हणजे बेसॉल्ट, फार कमी उजेड परत देतो, आणि कॅमेऱ्याची मोजणी असं गृहीत धरून चालते की समोरचं सगळं मिळून मध्यम करडं आहे. समोर काळ्या दगडाची रास दिसली की त्याला वाटतं अंधार आहे, तो उजेड वाढवतो, आणि काळा दगड करडा होता होता पुढच्या माणसांचे चेहरे चुन्यासारखे पांढरे होतात. हे हाताने कमी करता येतं, फोनवरसुद्धा. चेहऱ्यावर बोट दाबून धरायचं आणि तो छोटा सूर्य खाली ओढायचा. तेवढं केलं की दगड काळा राहतो आणि चेहरे त्यातून उमलून येतात. मी नवऱ्याला मंडपाच्या कडेला उभं करून काढलेला फोटो इतका चांगला आला की तो म्हणाला, "हा माझा नाहीये."

पण एकवीस माणसं तिथे उभी करणं म्हणजे देवळात आलेल्यांची वाट अडवणं. एकटा माणूस दोन मिनिटांत बाजूला होतो. आमचं कुटुंब रांगेत उभं राहायलाच वीस मिनिटं घेतं.

शहरातल्या एका उद्यानातही गेले होते. तिथल्या रखवालदाराने लांबूनच हात हलवला. "कॅमेरा चालणार नाही." म्हटलं, समोर एवढे लोक फोटो काढतायत. "ते मोबाइल आहेत." आता माझ्या मोबाइलचा कॅमेरा माझ्या कॅमेऱ्यापेक्षा महाग आहे हे त्यांना कोण सांगणार.

एकट्या माणसाच्या फोटोत मागचं पुसून टाकायची सोय असते. ८५ मिलिमीटरची लेन्स लावा, अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्समधलं उजेड आत घेणारं भोक, पूर्ण उघडा, माणसाला भिंतीपासून पंधरा-वीस फूट पुढे आणा. मागची भिंत, झाड, रिक्षा, कचऱ्याचा डबा, सगळं तुपासारखं पातळ होतं. लोकांना वाटतं चांगल्या कॅमेऱ्याची जादू. घोळक्याला ती लागू पडत नाही. तीन रांगा म्हटल्या की पुढच्या खुर्चीतल्या गुडघ्यांपासून मागे उभ्या असलेल्याच्या नाकापर्यंत चार-पाच फूट होतात. सगळ्यांचे डोळे स्वच्छ हवेत तर अ‍ॅपर्चर आठपर्यंत आवळावं लागतं, आणि ते आवळलं की मागचं सगळं आपापल्या नावानिशी हजर होतं. नारळाचं झाड कुणाच्या तरी डोक्यातून उगवतं. जिन्याचा कठडा पाचजणांचे गळे एका रेषेत कापतो. फोनमधला पोर्ट्रेट मोड मागचं पुसून देतो खरा, पण आपली हद्द कुठे संपते हे त्याला नीट कळत नाही. नणंदेच्या गजऱ्यातल्या दोन कळ्या आणि एका भाच्याचा कान त्याने मागच्या दिवाळीत खाल्ला. म्हणून जितकी माणसं जास्त, तितकी मागची जागा डोळे उघडे ठेवून निवडायची. तिच्यापासून सुटका नसते.

आणि झाडाखाली उभं करायचं नाही. हे मी ठळक अक्षरांत लिहीन. माझ्या आईबाबांच्या लग्नाला ५० वर्षं झाली तेव्हा मी त्यांना एका आंब्याखाली बसवलं होतं. सावली गार, मागे पानं, माझी छाती अभिमानाने फुललेली. फोटो मोठ्या पडद्यावर पाहिला तर बाबांच्या टकलावर रुपयाएवढा कवडसा, आईच्या एका गालावर दुसरा, आणि तिसरा नेमका तिच्या उजव्या डोळ्यावर. पानांमधली प्रत्येक फट म्हणजे सूचिछिद्र कॅमेराच असतो. फट वेडीवाकडी असली तरी खाली पडतो तो गोल कवडसा, कारण ते सूर्याचं चित्र असतं. खंडग्रास ग्रहणाच्या वेळी हेच कवडसे चंद्रकोरीसारखे होतात. ज्ञान उत्तम आहे. बाबा मात्र त्या फोटोत आजतागायत दोन रंगांचे आहेत, आणि दिवाणखान्यात तोच लावलाय, कारण आईला त्यातली साडी आवडते.

कार्यक्रमात जुने फोटो दाखवायचे म्हणून आईंच्या, म्हणजे सासूबाईंच्या, कपाटातला बिस्किटांचा डबा काढला. त्यात १९७१चा एक फोटो निघाला. पोस्टकार्डाएवढा, कृष्णधवल, मागे शाईने साल. जुन्या वाड्याच्या चौकात काढलेला. आजेसासरे खुर्चीत, काळी टोपी, कोटाची सगळी बटणं लावलेली. शेजारी नऊवारीतल्या आजेसासूबाई, त्यांचे पाय जमिनीला पुरत नाहीत. मागे सासरे आणि चुलतसासरे. चुलतसासूबाईंच्या कडेवर माझी नणंद, दोन वर्षांची, रडून नुकतीच थांबलेली. पुढे मांडी घालून थोरले दीर, पाच वर्षांचे, एक डोळा मिटलेला. तो अजूनही मिटतो.

यांच्या मागे कापड लावलं आहे. ते नीट ताणलेलं नाही, मधे झोळ पडलाय. उजवं टोक खांबाच्या खुंटीला बांधलेलं. डाव्या टोकाला, फोटोच्या अगदी कडेला, चार बोटं आणि काचेच्या बांगड्या.

"हे कोण?"

आईंनी चष्मा वर करून पाहिलं. "मी."

"तुम्ही फोटोत का नाही?"

"पडदा कुणी धरला असता मग? मामंजींच्या मागे बंब दिसत होता. ते चाललं असतं होय?"

मग त्या रंगात आल्या. फोटोवाला घरी बोलावला होता, कारण आजेसासऱ्यांना स्टुडिओचा जिना चढायचा नव्हता. स्टुडिओत पडदा असायचा, रंगवलेला, कमानी नि बागेचा. घरी तो कुठून आणणार? आधी सोलापुरी चादर काढली, तर फोटोवाला म्हणाला नक्षी नको. मग पलंगपोस. गुलाबी होता तो, त्या म्हणाल्या, फोटोत करडा आलाय. पाटावर उभं राहून हात वर धरायचा. आणि तो माणूस काळ्या कापडात डोकं घालून सारखा "थांबा, थांबा" म्हणायचा. "ढग आला होता. ऊन यायची वाट बघत असेल. हात असा भरून आला होता माझा."

मला वाटतं तो उलट ढगाची वाट बघत होता. चौकात वरून येणारं ऊन टोप्यांखाली काळोख करतं. त्याने मंडळींना चौकाच्या मधोमध न बसवता ओसरीच्या कडेला घेतलंय, टोपीखालचे डोळे स्पष्ट आहेत, हनुवट्यांखाली खालून उजेड आलाय. तो शहाबादी फरशीचा. माणूस आपल्या कामात पक्का होता. हे मी आईंना सांगितलं तर म्हणाल्या, "मग आधी नाही का सांगायचं त्याने? मी हात खाली घेतला असता तोवर."

पलंगपोस संपतो तिथे उजवीकडे दोन बोटं रुंदीची एक पट्टी उरली आहे. त्यात बंबाची तोटी दिसते, सायकलच्या चाकाच्या सात-आठ तारा, आणि सांडलेलं पाणी. वाडा पाडून तिथे आमची आताची इमारत उभी राहिली. वाड्याचे फोटो काढून ठेवावेत असं तेव्हा कुणाच्या डोक्यात आलं नाही, त्यामुळे घरात तोटीचा पुरावा एवढाच. भिंग लावून मी त्या पट्टीकडे बराच वेळ बघत बसले. आणि तरी खरं सांगते, तिथे मी असते तर बंब मीही झाकला असता.

कार्यक्रमाला दहा दिवस उरले होते. दुपारी पाऊण वाजता स्कूटर काढायला खाली आले, तर आमचे वॉचमन काका पार्किंगच्या कडेला खुर्ची टाकून पेपर वाचत बसले होते. छताच्या अगदी काठाशी, तोंड बाहेर. त्यांनी मान वर केली आणि मी किल्ली हातात धरून उभीच राहिले. दोन्ही डोळ्यांत उजेडाचा एकेक चौकोन. गालाची एक बाजू जराशी गडद, बाकी चेहरा सारखा उजळलेला. पाठीमागे गाड्यांच्या जागी नुसता खोल, शांत काळोख. असा उजेड मी चार आठवडे गावभर मूठ फिरवून शोधत होते.

मूठ धरली. फिरले. काकांनी काही विचारलं नाही, त्यांना सोसायटीतल्या लोकांची सवय आहे.

हे होतं कसं, ते मग लक्षात आलं. पार्किंगची उघडी बाजू उत्तरेला. वरच्या स्लॅबमुळे डोक्यावरून उजेड येतच नाही, म्हणून डोळ्यांखाली खड्डे पडत नाहीत. समोर सहा मजली इमारत, फिक्या बदामी रंगाची. डिसेंबरातलं दक्षिणेचं ऊन आमच्या गच्चीवरून जाऊन तिच्या वरच्या मजल्यांवर पडतं, आणि ती भिंत ते आमच्याकडे परत फेकते. आत मात्र हा उजेड झपाट्याने ओसरतो. काठापासून तीन-चार फुटांवर माणूस झगमगतो, पंचवीस फुटांवर मागची भिंत ओळखूही येत नाही. अ‍ॅपर्चर आवळा नाहीतर सोडा. मागचं पुसायला लेन्स लागत नाही, अंधारच ते काम करतो. ओसरीत बसलेल्या माणसाच्या मागे माजघर काळं दिसायचं ते याच कारणाने. आणि हे सगळं भरदुपारी, ज्या वेळेला कॅमेरा बाहेर काढू नये असं प्रत्येक पुस्तकात लिहिलंय. घड्याळात बारा वाजतात तेव्हा पुण्यात मध्यान्ह व्हायला सरासरी ३५ मिनिटं बाकी असतात, कारण आपलं घड्याळ ८२.५ रेखांशावर चालतं आणि आपण ७४च्या जरा अलीकडे राहतो. म्हणजे साडेबाराच्या सुमारास समोरच्या भिंतीवर ऊन भरपूर. औक्षण आटोपलेलं, साड्या अजून चुरगळलेल्या नाहीत, मुलं अजून जेवून पेंगलेली नाहीत. सगळंच जमत होतं.

ग्रुपवर टाकलं. पहिलं उत्तर जाऊबाईंचं, "पैठण्या नेसून पार्किंगमध्ये??" दोन प्रश्नचिन्हं त्यांचीच. दिरांनी शनिवारवाड्याचा फोटो पुन्हा पाठवला. मी काही न बोलता वॉचमन काकांचा, त्यांना विचारून काढलेला, फोटो टाकला. अर्धा तास कुणी काही लिहिलं नाही. मग नणंद म्हणाली, "हे कुठल्या स्टुडिओत?"

आता उरली हमाली. अकरा दुचाक्या आदल्या रात्री बाहेर काढायच्या. एक स्कूटर कुणाचीच नव्हती. दोन वर्षं ती आच्छादनाखाली उभी आहे, दोन्ही चाकं बसलेली, आणि सोसायटीच्या प्रत्येक सभेत तिचा विषय निघतो. चौघांनी उचलून ती मीटरच्या खोलीआड नेली. मागच्या खांबावर "येथे गाडी लावल्यास चाकातील हवा सोडण्यात येईल" ही पाटी. ती काढायला सेक्रेटरींची परवानगी लागली असती, म्हणून दिरांना एक फूट डावीकडे सरकवून तिच्यापुढे उभं करायचं ठरवलं. ते उंच आहेत, पाटी झाकली गेली. त्यांना कारण सांगितलं नाही.

मला एक आपलं वाटत होतं की वाड्याचा चौक साधारण इथेच असणार. आईंना म्हटलंही. त्यांनी इकडेतिकडे पाहून हिशेब केला. "छे. चौक तिकडे, लिफ्टच्या जागी. इथे संडास होते."

त्या दिवशी सव्वाबारालाच खुर्च्या मांडल्या. मधे आई, पोपटी काठाच्या जांभळ्या साडीत. खुर्च्या काठापासून चार फूट आत, त्याहून पुढे आल्या की कपाळ चमकतं आणि आत गेल्या की डोळे विझतात. गडद साड्या कडेला नको, तिथे काळोखात विरघळतात, म्हणून जाऊबाईंना त्यांच्या काळ्या चंद्रकळेसकट मधे आणलं. फिके झब्बे दोन्ही टोकांना. खालचे पेव्हर ब्लॉक फारसा उजेड देत नव्हते, म्हणून कॅमेऱ्याच्या पुढ्यात, फोटोत न येईल अशी, जमिनीवर एक पांढरी डबल बेडची चादर पसरली. सगळ्यांच्या हनुवट्या लगेच हलक्या झाल्या.

आई खुर्चीतून बघत होत्या. "अगं, चादर मागे लावतात."

"आता पुढे लावतात."

"धरायला कुणी नको?"

"नको, पडलेलीच असते ती."

त्यांनी मान हलवली. पटलं नव्हतं.

टायमर दहा सेकंदांचा. पहिल्या खेपेला मी धावताना चादरीवरून घसरले. दुसऱ्या खेपेला नणंदेच्या नातवाने चादरीवर लोळण घेतली. तिसरीत सगळे होते, फक्त दिरांचा एक डोळा मिटलेला. एकूण चौदा काढले आणि अकरावा निवडला. त्यात दिरांचे दोन्ही डोळे उघडे आहेत, हा १९७१नंतरचा पहिलाच योग असावा. दोन पोरं भलतीकडे बघतायत. ते राहू दिलं.

बारा बाय अठराचा प्रिंट करून आणला, फ्रेम केली, आणि आईंच्या हातात दिला. एकवीस चेहरे, मागे मखमली काळोख, जरीवर थोडी चमक. मी शेजारी बसून होते. त्यांनी चष्मा पुसला, फ्रेम खिडकीकडे वळवली, आणि डावीकडून उजवीकडे, रांगेने, एकेकाला बघत गेल्या. शेवटपर्यंत जाऊन परत आल्या. मग जाऊबाईंच्या खांद्याच्या वर, मागच्या कोपऱ्यात, जिथे मी चार आठवड्यांत एकदाही नीट पाहिलं नव्हतं, तिथे बोट ठेवलं. एक हिरवट पांढरी आडवी रेघ.

"दिवसाढवळ्या ट्यूब चालू ठेवलीय," आई म्हणाल्या. "कॉमन मीटरवर येतं ना ते?"